काटा अडला की भाकरी मोजा

आहार आवरल्यावर पहिल्या आठवड्यात जे दीड-दोन किलो उतरतात, त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त असते. यकृत आणि स्नायूंमध्ये सुमारे 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन साठलेले असते. त्यातला प्रत्येक ग्रॅम जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. हा साठा ओसरला की वजनाचा उतार मंदावतो. काही महिन्यांनी मात्र काटा खरोखरच अडतो. हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते, भूक वाढलेली असते आणि चमच्याने मोजलेले तेल पुन्हा अंदाजाने पडू लागते.

अशा वेळी कर्बोदकांवर बोट ठेवले जाते, ते आपल्याकडे तरी योग्यच आहे. 'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. कात्री लावायला जागा तिथेच आहे. त्यांच्यात जादू मात्र नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 जणांवर वर्षभर केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी कर्बोदके खाणारे आणि कमी स्निग्ध खाणारे यांच्या घटलेल्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही.

जळगाव-धुळ्याकडे एक समज पक्का आहे: चपाती सोडून ज्वारीची भाकरी धरली की झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदके असतात, तर कणकेत 64. म्हणजे धान्य बदलून हिशेब फारसा हलत नाही, भाकऱ्यांची संख्या बदलावी लागते. कळण्याची भाकरी त्यातल्या त्यात उजवी, कारण ज्वारीबरोबर दळलेल्या अख्ख्या उडदामुळे प्रथिने वाढतात आणि पोट लवकर भरते. थंडीतल्या भरिताच्या वांग्यात कर्बोदके नाममात्र असतात. काड्यांवर भाजून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेले ते वांगे निर्दोषच. वजन वाढवते ती त्यावर ओतलेली तेलाची फोडणी, मूठभर शेंगदाणे आणि सोबतच्या पुऱ्या. दोन भाकऱ्यांऐवजी एक कळण्याची भाकरी, भरीत दुप्पट आणि वाटीभर घट्ट वरण, एवढा बदल पुष्कळ होतो. वरण-बट्टीच्या जेवणात अशी सवलत काढणे अवघड; तूप आणि कणीक दोन्ही तिथे मुक्तहस्ते असतात. मधल्या वेळच्या केळ्याचीही नोंद हवी. एका मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, आणि केळीच्या मुलखात एकावर कोण थांबतो!

दिवसभर शेतात राबणाऱ्याला ही कपात लागू नाही. ती बैठ्या कामाच्या माणसासाठी आहे. कर्बोदके कमी केल्यावर पहिल्या दिवसांत पुन्हा पाणीच उतरते, म्हणून परिणाम तीन-चार आठवड्यांनी आणि कंबरेच्या मापासह पाहावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी; जुन्याच मात्रेवर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.