एका माशाने बदलला अस्वलाचा आहार

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या मोठ्या तलावात १९९४ साली एका हौशी मासेमाराच्या गळाला लेक ट्राउट लागला. मासा दिसायला देखणा, चवीलाही चांगला. पण तो तिथे असायलाच नको होता. हा तलाव कटथ्रोट ट्राउटचा. जबड्याखाली लाल पट्टे असलेला हा तिथला मूळ रहिवासी.

आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात. तसाच कटथ्रोट बर्फ वितळू लागले की अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो. काठावर अस्वले, पाणमांजरे आणि गरुड वाट पाहत असतात. लेक ट्राउट मात्र खोल पाण्यात राहतो आणि अंडीही तलावातच घालतो. तो कटथ्रोट खातो, पण स्वतः अस्वलाच्या पंजाला लागत नाही. म्हणजे ताटातले अन्न गेले आणि त्या जागी दुसरे काही आलेच नाही.

क्लिअर क्रीक या एका ओढ्यात १९७८ साली ७० हजारांहून अधिक कटथ्रोट चढले होते. २००७ साली मोजले गेले ५३८. अस्वले एल्क हरणांच्या पाडसांकडे वळली, मासेखाऊ पक्ष्यांची घरटी कमी झाली.

हा पाहुणा आला कुठून? माशाच्या कानात एक छोटा खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षागणिक वलये पडतात आणि ज्या पाण्यात मासा वाढला त्या पाण्यातील रसायनांची नोंदही राहते. तपासणीत खड्यांनी जवळच्या लुईस तलावाकडे बोट दाखवले. तिथे १८९० साली सरकारनेच लेक ट्राउट सोडले होते. तिथून ते कुणीतरी गुपचूप उचलून आणले. बहुधा मासेमारीच्या हौसेपोटी. वाईट हेतू असेलच असे नाही.

क्लिअर क्रीकच्या घसरणीचा सगळा दोष एकट्या लेक ट्राउटवर टाकता येणार नाही. दुष्काळ होता आणि रोगही. १९९८ साली तलावात 'व्हर्लिंग डिसीज'चा परजीवी सापडला. हा मूळचा युरोपातला. अ‍ॅक्वेरियमवाल्यांना ट्युबिफेक्स अळी ठाऊक असते. हा परजीवी आधी तिच्या शरीरात वाढतो, मग माशाच्या पिलाच्या कूर्चेत शिरतो. पिलू गोल गोल फिरत राहते, खाऊ शकत नाही आणि मरते. युरोपातील ब्राउन ट्राउटने पिढ्यान् पिढ्या या रोगाशी जुळवून घेतले आहे. कटथ्रोटला तेवढा वेळच मिळाला नाही. गोवर न पाहिलेल्या बेटावर गोवर पोहोचावा, तसे हे. माणसाला मात्र या रोगाची बाधा होत नाही.

उपाय म्हणजे जाळी. आतापर्यंत ४० लाखांहून अधिक लेक ट्राउट तलावातून काढले गेले आहेत. काही माशांच्या पोटात रेडिओ यंत्र बसवून त्यांना पुन्हा सोडतात. ते आपल्या कळपाचा आणि अंडी घालण्याच्या जागांचा पत्ता देतात. या औषधाला दुष्परिणामही आहे, कारण जाळ्यात कटथ्रोटही अडकतात. म्हणून जाळी खोलवर लावावी लागतात. गळाला लागलेला लेक ट्राउट जिवंत सोडायचा नाही, असा मासेमारांना नियमच आहे.

मोठे लेक ट्राउट आता कमी झाले आहेत, कटथ्रोट पुन्हा दिसू लागले आहेत. तरी जाळी काढून घेता येत नाहीत. क्षयाच्या रुग्णाला बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवल्या तर काय होते, हे सांगायला नको. फरक इतकाच, की क्षयाचा कोर्स कधीतरी संपतो.

मनालीला जाऊन ट्राउट खाल्लेल्या वाचकांसाठी एक माहिती : हिमालयातला ब्राउन आणि रेनबो ट्राउट बाहेरून आणलेला आहे, तिथला मूळचा नव्हे. आफ्रिकन मागूरच्या पालनावरही आपल्याकडे बंदी आहे, तरी तो बाजारात दिसतो. घरातला अ‍ॅक्वेरियम नकोसा झाला तर त्यातले मासे विक्रेत्याला परत करावेत किंवा ओळखीच्या हौशी माणसाला द्यावेत. नदीत, विहिरीत किंवा तळ्यात सोडू नयेत.

यलोस्टोनमध्ये आणखी एक उपाय वापरला गेला. पकडलेल्या लेक ट्राउटचे मृत अवशेष त्यांच्याच अंडी घालण्याच्या जागांवर टाकले गेले. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि दगडांच्या फटीतली अंडी गुदमरून मरतात.