जेलकोटला सुरकुत्या का पडतात?

१९५३ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची होती. अशा भागांची झळाळी साच्यावर अवलंबून असते आणि साच्याची त्याच्या पहिल्या थरावर, म्हणजे जेलकोटवर. बंपरचा साचा मूळ नमुन्यावरून उचलावा आणि पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा आक्रसलेला निघावा, यासारखं दुःख नाही. दोष बहुधा रेझिनला दिला जातो. पण बरेचदा गडबड असते ती जाडीत.

पॉलिएस्टर जेलकोटमध्ये स्टायरीन असतं. हार्डनर मिसळला की ते रेझिनच्या साखळ्या एकमेकींना जोडतं आणि थर घट्ट होतो. या क्रियेतून निघणारी उष्णताच क्रिया पुढे रेटते. थर पातळ पडला की उष्णता टिकत नाही, स्टायरीनही उडून जातं आणि जेलकोट कच्चा राहतो. त्यावर काचेची चटई आणि रेझिन चढवलं की रेझिनमधलं ताजं स्टायरीन कच्च्या थरात मुरतं. थर फुगतो, पसरायला जागा नसते, मग तो नमुन्यापासून सुटून दुमडतो.

म्हणून ओला थर पाऊण मिलिमीटरच्या आसपास ठेवावा आणि तो गेजने मोजावा, नजरेने नव्हे. पुढचं काम सुरू करण्याआधी कडेला बोट लावून पाहावं: चिकट लागावं, पण बोटाला रंग येऊ नये. गार किंवा दमट दिवशी घाई तर मुळीच नको.

सुरकुती एखादीच असेल तर पक्क्या थरापर्यंत घासून ताजा जेलकोट भरावा. हवेतला ऑक्सिजन वरचा पापुद्रा सुकू देत नाही, म्हणून त्यावर प्लास्टिकची फिल्म ताणून बसवावी. सुकल्यावर पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून सपाट करावं. सुरकुत्या सगळीकडे असतील, तर साचा नव्यानेच करावा.