निमंत्रण न आलेला संघ

फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळायचा गोल चेंडू येतो. मी ज्या संघाविषयी लिहीत आहे त्याचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता होता आणि तो पायापेक्षा हातातच अधिक असे. अमेरिकन फुटबॉल तो हाच. अकरा-अकरा गडी, शंभर यार्डांचे मैदान. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्यांकडे. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. कबड्डी खेळणाऱ्याला हे चटकन समजेल. चढाई करणाऱ्याने घुसायचे आणि समोरच्यांनी त्याला पाडायचे, तत्त्व तेच. फरक इतकाच की इथे चढाई करणाऱ्याच्या पुढे त्याचेच साथीदार अंगावर धक्के घेत वाट मोकळी करत धावतात.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे नाव भारदस्त असले तरी ती जेझुइट पाद्र्यांची लहानशी संस्था होती. १९५१ च्या हंगामात तिच्या संघाने, जो कुहारिच या प्रशिक्षकाच्या हाताखाली, नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. एकूण गुण ३३८, प्रतिस्पर्ध्यांचे ८६. ऑली मॅटसन या खेळाडूने चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली. त्या वर्षी साऱ्या देशात इतकी कोणाचीच नव्हती. बचावात बर्ल टोलर होता. हे दोघे कृष्णवर्णीय, बाकीचा संघ गोरा. त्यात जिनो मार्केटीसारखा, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला गडीही होता.

येथे एक व्यवस्था समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतील कॉलेजांसाठी तेव्हा देशभरची बाद फेरीची स्पर्धा नव्हती. हंगाम संपला की १ जानेवारीच्या सुमारास काही उबदार शहरांत मोठे सामने भरत. वाडग्यासारख्या प्रेक्षागृहावरून त्यांना ‘बोल’ म्हणत. तिथे संघ आपणहून जात नसे, संयोजक समिती निमंत्रण देई. निमंत्रण म्हणजे प्रतिष्ठा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिकीटविक्रीतला वाटा. या विद्यापीठाचे फुटबॉल खाते तोट्यात होते. एक निमंत्रण त्याला तारू शकत होते.

पण यांतले बरेच सामने दक्षिणेकडच्या राज्यांत होत आणि तिथे शाळा, पाण्याचे नळ, बसमधली आसने, सारे रंगाप्रमाणे वेगळे होते. उत्तरेकडची कॉलेजे दक्षिणेत खेळायला जाताना आपले कृष्णवर्णीय खेळाडू गुपचूप घरी ठेवून जात. या प्रथेला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ असे गोंडस नाव होते! मायामीच्या ‘ऑरेंज बोल’साठी या संघालाही तसाच निरोप आला, असे त्यातील खेळाडू पुढे सांगत राहिले: या, पण त्या दोघांना वगळून. संघाने नकार दिला. निमंत्रण आले नाही.

मला विचार करायला लावतो तो हा नकार कोणाचा होता हा प्रश्न. तो मॅटसन-टोलर यांचा नव्हता. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. ज्यांना जाता आले असते, ज्यांनी नऊ सामने मॅटसनसाठी वाट मोकळी केली होती, त्यांचा तो होता.

हे वाचून ‘अमेरिकेतले गोरे असेच’ म्हणून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला नाही. पळवणकर बाळू या चर्मकार गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, पण पुण्यात त्याचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात येई आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. १९२० साली त्याला संघातून वगळल्यावर निषेध म्हणून माघार घेतली ती विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या सख्ख्या भावांनी. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला. आपल्या वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिरावरून जाताना मला हा संघ आठवतो. १९२८ साली जमनालाल बजाजांनी ते अस्पृश्यांना खुले केले, तेव्हा दार उघडणारा हात आतल्याचाच होता.

पुढची हकीकत थोडक्यात. त्या हंगामानंतर तोट्याच्या कारणाने विद्यापीठाने फुटबॉल संघ बंद केला. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि रिलेत रौप्य मिळवले. आपल्या खाशाबा जाधवांचे कांस्यपदक त्याच ऑलिंपिकमधले. मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात गेले. टोलरचा गुडघा १९५२ साली दुखावला आणि त्याचे खेळणे संपले. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला. १९६५ मध्ये व्यावसायिक लीगने पंच म्हणून नेमलेला तो पहिला कृष्णवर्णीय.

२०१७ साली विद्यापीठाने आपल्या एका वसतिगृहाला टोलरचे नाव दिले. त्यावर आधी जेम्स फेलन या सिनेटरचे नाव होते. ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा’ या घोषणेवर त्यांनी १९२० ची निवडणूक लढवली होती.