जोडीदार तुरुंगात असताना घटस्फोट

पती किंवा पत्नी तुरुंगात गेली म्हणून लग्न आपोआप मोडत नाही. जन्मठेप झाली तरी कायद्याच्या नजरेत दोघे नवरा-बायकोच राहतात. लग्न मोडायचे तर न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जात कोणते कारण मांडता येईल, हे त्या दांपत्याला कोणता विवाह कायदा लागू आहे यावर ठरते. जालना जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचा संबंध दोन कायद्यांशी येतो. हिंदू आणि बौद्धांना १९५५चा हिंदू विवाह कायदा लागू होतो, तर मुस्लिम स्त्रियांसाठी १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून लग्न केलेल्यांना, धर्म कोणताही असो, १९५४चा तो कायदा लागतो.

१९३९च्या कायद्यानुसार नवऱ्याला सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली असेल, तर मुस्लिम स्त्रीला तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता येतो. मात्र ती शिक्षा अंतिम झालेली हवी. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अपील पडून असेल, तर या कारणावर हुकूमनामा मिळत नाही आणि अपिलाला वर्षे लागतात. पण त्याच कायद्यात दुसरी वाट आहे. नवऱ्याने दोन वर्षे खावटी दिली नसेल, तर तेही स्वतंत्र कारण ठरते. व्यवहारात हीच वाट अनेकदा जवळची पडते.

विशेष विवाह कायद्यातही सात वर्षांच्या शिक्षेचे कारण आहे, पण गुन्हा भारतीय दंड संहितेतला हवा. त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. अमली पदार्थांच्या स्वतंत्र कायद्याखाली दहा वर्षे आत गेलेल्या जोडीदाराविरुद्ध हे कलम उपयोगी पडत नाही. पारशी लोकांच्या १९३६च्या कायद्यातही सात वर्षांचीच अट आहे आणि अर्जापूर्वी त्यातले किमान एक वर्ष भोगून झालेले लागते.

हिंदू विवाह कायद्यात मात्र तुरुंगवास हे कारणच नाही. एकाच संसदेने वर्षभराच्या अंतराने दोन कायदे केले. एकात हे कारण घातले आणि दुसऱ्यात ते घातले नाही. त्याची झळ सर्वांत जास्त बसते ती खेड्यातल्या हिंदू आणि बौद्ध बायकांना, कारण नोंदणी विवाह त्यांच्यात क्वचितच होतो. ‘नवरा जन्मठेपेवर आहे’ एवढेच लिहिलेला अर्ज टिकत नाही.

‘सोडून गेला’ असेही सहसा म्हणता येत नाही. परित्यागाला सलग दोन वर्षे तर लागतातच, शिवाय संसार कायमचा टाकून देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. मुंबईतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या बिपिनचंद्र शहा खटल्यात १९५६ साली हे तत्त्व पक्के झाले. कैदी स्वखुशीने घराबाहेर राहत नाही. मात्र अटकेच्या आधीच त्याने बायकोला माहेरी धाडून पाठ फिरवली असेल, तर गोष्ट निराळी. तो काळ आणि तो हेतू पुराव्याने दाखवता येतो.

म्हणून हिंदू स्त्रीचा अर्ज बहुधा मानसिक क्रूरतेवर उभा राहतो. नवऱ्याचा गुन्हा, त्यामुळे गावात झालेली बदनामी, मुलांचे हाल, घरात उरलेली भीती, बंद पडलेला आधार हे सगळे मिळून तिला त्याच्यासोबत नांदणे अशक्य झाले आहे, असे दाखवावे लागते. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या नवऱ्यासोबत लग्नात अडकून राहणे ही पत्नीसाठी मानसिक क्रूरता आहे, असे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने २०२४ मध्ये मानले. छळाची फिर्याद बायकोनेच दिली असेल, तर तिचे काम आणखी सोपे होते. लग्नानंतर नवऱ्याने बलात्कार केला असेल, तर फक्त पत्नीला मिळणारे वेगळे कारण कलम १३(२) मध्ये आहे. दिल्लीच्या निर्भया प्रकरणातील एका दोषीच्या पत्नीने मार्च २०२० मध्ये बिहारमधल्या औरंगाबादच्या न्यायालयात असाच अर्ज दिला होता. विधवा म्हणून जगायचे नाही, असे तिचे म्हणणे होते. निकाल लागण्यापूर्वीच, २० मार्चला, नवऱ्याला फाशी झाली.

नवरा कच्चा कैदी असेल, तर नुसती अटक कोणत्याच कायद्यात पुरेशी नाही. खटला चालू असताना अर्ज करता येतो, पण कारण स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

अर्ज करायला सासरच्या गावी जाण्याची गरज नाही. २००३च्या दुरुस्तीनंतर हिंदू पत्नी सध्या राहते तिथल्या न्यायालयात दाद मागू शकते. सासर अंबडचे आणि मुक्काम भोकरदनच्या माहेरी असला, तरी चालते. कुटुंब न्यायालय असेल तिथे अर्ज त्याच्याकडे जातो, नसेल तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. महाराष्ट्रात १९९४ पासून अशा दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्यासाठी स्त्रीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कैद्यालाही हाच हक्क आहे. लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले आणि फौजदारी निकालाची प्रमाणित नक्कल सोबत जोडावी.

कैद्यावर समन्स बजावणे फारसे अवघड नसते. परागंदा नवऱ्याचा पत्ता शोधण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार समन्स तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तो कैद्याची सही घेऊन ते परत पाठवतो. लेखी जबाबाला ३० दिवस मिळतात, न्यायालय ते ९० पर्यंत वाढवू शकते. त्याने उत्तर दिलेच नाही, तर दावा एकतर्फी चालतो. पण एकतर्फी म्हणजे आपोआप मंजूर नव्हे. पुरावा द्यावाच लागतो.

साक्षीसाठी कैद्याला न्यायालयात आणण्याला मर्यादा आहे. तुरुंग २५ किलोमीटरपेक्षा दूर असेल, तर कमिशन नेमून तिथेच साक्ष नोंदवणे पुरेसे आहे का, हे न्यायालयाने आधी पाहायचे असते. जालन्याहून हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह साठेक किलोमीटरवर आहे, म्हणून हा नियम इथे हमखास आडवा येतो. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हल्ली ही अडचण बरीच कमी केली आहे.

दोघांची संमती असेल, तर सगळेच हलके होते. हिंदू दांपत्याला वर्षभर वेगळे राहिलेले दाखवावे लागते. दोन अर्जांमधली सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. कैद्याची संमती दबावाखालची नाही, याची खात्री न्यायाधीश स्वतः करून घेतात.

कैद्याला कमाई नसली, तरी पोटगीचा प्रश्न संपत नाही. त्याच्या नावे जमीन असेल, तर कायम पोटगीचा बोजा तिच्यावर ठेवता येतो. म्हणून सातबारा आधीच काढून ठेवणे शहाणपणाचे. मुलांच्या ताब्याची मागणीही त्याच अर्जात करावी.

मराठवाड्यात आजही पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून घेतली जाते. जातीची तशी जुनी रूढी न्यायालयात सिद्ध करता आली, तरच ती फारकत टिकते. एरवी त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न बेकायदा ठरते. न्यायालयाचा हुकूमनामा हाती आल्यावरही अपिलाची ९० दिवसांची मुदत उलटेपर्यंत दुसरे लग्न करू नये.