लुकअप फाइल इंडेक्समध्ये का सापडत नाही
लॉग शोधण्याचं सॉफ्टवेअर स्प्लंक शिकताना एक गैरसमज हमखास होतो: लुकअप फाइल चढवली की ती लॉगांसारखी इंडेक्समध्ये जाऊन बसते. मग फाइलचं नाव सोर्स म्हणून देऊन शोध घेतला जातो, एकही ओळ येत नाही आणि फाइल चढलीच नाही असं ठरतं. फाइल असते जागेवरच. लॉग म्हणजे रोजकीर्द, घडेल तशी नोंद आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ. लुकअप म्हणजे तिच्याशेजारी ठेवलेलं दरपत्रक. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये नुसतं ४०४ येतं. ४०४ म्हणजे ‘नॉट फाउंड’, हे लुकअपचा तक्ता सांगतो. हा तक्ता साध्या सीएसव्ही स्वरूपात सर्च हेडवर, म्हणजे शोध चालवणाऱ्या सर्व्हरवर, त्या त्या ॲपच्या ‘लुकअप्स’ फोल्डरमध्ये राहतो. इंडेक्समध्ये तो कधी जातच नाही.

म्हणून तो वाचायची कमांडही निराळी: ‘| इनपुटलुकअप एचटीटीपी_स्टेटस.सीएसव्ही’. सुरुवातीची उभी रेघ शोभेची नाही. ही कमांड आधीच्या निकालावर काम करत नाही, स्वतःच ओळी आणते, त्यामुळे ती पहिलीच हवी. रेघ विसरलात तर स्प्लंक ‘इनपुटलुकअप’ हा शब्दच लॉगमध्ये हुडकू लागतो! मध्येच वापरायची असेल तर ‘अपेंड=ट्रू’ द्यावं लागतं. नुसती ‘लुकअप’ कमांड तक्ता दाखवत नाही. हातातल्या नोंदींना तक्त्यातले रकाने जोडते. ‘आउटपुटलुकअप’ तर लिहिते, आणि अपेंड न सांगता चालवली की जुना मजकूर पुसून नवा भरते. फाइल फक्त पाहायची असेल तर या कमांडच्या वाटेला जाऊ नये.

वेळेबद्दलची समजूत जास्त चिवट आहे. शोधाचा कालावधी म्हणून ‘मागचे २४ तास’ निवडले की तेवढ्याच ओळी येतील असं वाटतं, पण दरपत्रकाला काल-आज नसतो. सगळ्या ओळी येतात. यावर कोणी म्हणेल, आमच्या तक्त्यात तारखेचा रकाना आहे की. असू द्या, इनपुटलुकअप त्याच्याकडे बघत नाही. ‘ॲडइन्फो’ने निवडलेल्या कालावधीची दोन्ही टोकं मागवून गाळणी आपणच लावायची. तक्ता मोठा असेल आणि अट तारखेची नसेल, तर ती इनपुटलुकअपच्याच ‘व्हेअर’मध्ये लिहिणं बरं, पुढे पाइप देऊन ‘सर्च’ केलं तर आधी सगळा तक्ता वाचला जातो.

एक आक्षेप रास्त वाटतो: फाइल डिस्कवर आहे, तर थेट उघडून का पाहू नये? सर्व्हरवर हात पोचत असेल तर जरूर पाहावी. मात्र क्लाउडवर तो पोचत नाही, आणि केव्ही स्टोअर या स्प्लंकच्याच डेटाबेसमधला तक्ता सीएसव्ही नसतोच. तो लुकअप डेफिनिशनच्या, म्हणजे स्प्लंकमध्ये त्या तक्त्यासाठी केलेल्या व्याख्येच्या, नावानेच वाचावा लागतो. शिवाय एकाच नावाची फाइल दोन ॲपमध्ये असू शकते. डिस्कवर दोन्ही दिसतील, पण आपल्या शोधाला त्यांतली कोणती मिळते हे ज्या ॲपमध्ये शोध चालवला ते ॲप आणि आपल्या परवानग्या यांवर ठरतं, आणि ते क्वेरीतच कळतं. परवानग्यांतही खोच आहे: फाइलची वेगळी, डेफिनिशनची वेगळी. डेफिनिशन सगळ्यांना खुली करून फाइल खाजगीच ठेवली, तर आपल्याला तक्ता व्यवस्थित दिसतो आणि शेजारच्याला त्याच क्वेरीवर एरर येते.