सपाट तळवे आणि लवचीक सांधे : वाढीचा एक टप्पा

नुकत्याच चालू लागलेल्या मुलाच्या तळव्याची आतली कड उभे राहताना जमिनीला पूर्ण टेकते आणि मोठ्यांच्या पावलात दिसणारी कमान तेथे आढळत नाही, ही त्या वयाची स्वाभाविक स्थिती आहे. या वयात तळव्याखाली चरबीची जाड गादी असते. कमानीच्या माथ्यावरचे नौकाकृती हाड जन्मतः कूर्चेचे, म्हणजे मऊ लवचीक ऊतीचे असते आणि साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास हाडात रूपांतरित होऊ लागते. शिवाय हाडांना हाडांशी जखडून ठेवणारे अस्थिबंध या वयात सैल असल्याने शरीराचा भार पडताच असेल तेवढी कमानही खाली बसते. ऑस्ट्रियातील ३ ते ६ वर्षे वयाच्या ८३५ मुलांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली, तीत तीन वर्षांच्या ५४ टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले, तर सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले होते.

अस्थिबंधांचा हा सैलपणा पावलापुरता मर्यादित नसतो. तो मोजण्यासाठी बायटन गुणांक वापरतात : करंगळी मागे काटकोनापलीकडे वळणे, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूस टेकणे, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या पलीकडे मागे झुकणे यांसाठी दोन्ही बाजूंचा प्रत्येकी एक आणि गुडघे न वाकवता दोन्ही तळहात जमिनीवर टेकण्याचा एक, असे एकूण ९ गुण होतात. लहान मुलांचे सांधे मुळातच मोकळे असल्यामुळे वयात येण्यापूर्वी किमान ६ गुण मिळाले तरच सर्वांगीण अतिलवचीकता मानावी, असा निकष आहे. ही प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यातून आलेली असते. अशी बहुतेक मुले निरोगी असतात. काहींचे पाय मात्र दिवसभराच्या धावपळीनंतर संध्याकाळी दुखतात.

तळवा सपाट असण्यापेक्षा तो लवचीक आहे की ताठर, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर घरीही बऱ्याच अंशी मिळू शकते. मूल चवड्यांवर उभे राहिले, किंवा उभ्या मुलाच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलला, की टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा चिवट पट्टा, रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा, बोटांच्या मुळाशी ताणला जातो आणि कमान उंचावते. ही यंत्रणा जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडली. अशा वेळी कमान उमटत असेल आणि पाय दुखत नसेल, तर उपचारांची गरज नसते.

या संदर्भात मणिपाल येथील उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांचा १९९२ सालचा अभ्यास भारतीय वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. ४ ते १३ वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे त्यांनी तपासले, तेव्हा पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के भरले. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक, चपला-सँडल वापरणाऱ्यांत त्याहून कमी होते, आणि ज्यांचे अस्थिबंध सैल होते त्यांच्यात हा फरक सर्वांत ठळक दिसला. अशा पाहणीवरून एकट्या बुटांवर सारा दोष ठेवता येत नाही, आणि चिखलात किंवा काचा पडलेल्या जागी मुलांना अनवाणी सोडावे असाही तिचा अर्थ नाही. तथापि घरात, अंगणात आणि स्वच्छ वाळूत मुलांनी बिनबुटाचे खेळावे, या जुन्या रीतीला तिने भक्कम आधार दिला आहे.

याउलट कमान घडवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खास बुटांची बाजू दुबळी आहे. अमेरिकेतील वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १२९ लहान मुलांची चार गटांत विभागणी केली होती. एका गटाला कोणताही उपचार नव्हता, इतरांना विशेष बूट, टाचेच्या वाट्या किंवा मापाने घडवलेले आधार दिले होते. किमान तीन वर्षांनंतर चारही गटांतील पावले सुधारलेली होती आणि गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. निव्वळ भीतीपोटी पालकांनी अशा बुटांवर पैसे घालवावेत, याला आधार उरत नाही. दुखणाऱ्या पायाला मऊ आधाराने आराम मिळू शकतो, परंतु त्याने कमान घडत नाही.

काळजीची चिन्हे वेगळी आहेत. चवड्यांवर उभे राहूनही कमान न उमटणे, एकाच पायाचा तळवा सपाट असणे, वेदना सतत राहणे किंवा वाढत जाणे, टाचेमागची शीर आखडलेली असणे, यांपैकी काही दिसल्यास मुलाला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ताठर सपाट तळव्यामागे पावलातील दोन हाडे जन्मतः जोडलेली असण्याचा दोष असू शकतो आणि तो बहुधा आठव्या वर्षानंतर वेदनेच्या रूपाने जाणवू लागतो. मुलगा किंवा मुलगी पुढे सैन्यात जाऊ शकणार नाही, या धास्तीने त्रास नसलेल्या पायावर उपचार करून घेणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे, की भारतीय सैन्यदलाच्या वैद्यकीय निकषांतही चवड्यांवर उभे राहताच कमान उमटत असेल आणि पाऊल लवचीक व वेदनारहित असेल, तर असा उमेदवार स्वीकारार्ह मानला जातो.