घरात कोणाले काचबिंदू हाय का?

"काका, हनुवटी इथं टेकवा, कपाळ पट्टीला लावा. समोर पाहा. श्वास रोखू नका."

अमरावतीतल्या नेत्रतपासणीच्या अंधाऱ्या खोलीत हे शब्द दिवसभर कानावर पडतात. गळ्याशी आवळलेलं बटण आधी सोडायला लावतात, कारण त्यानंही डोळ्याचा दाब चढतो. बधिर करणारा थेंब पडतो आणि पापणीच्या आत पिवळ्या रंगाची कागदी पट्टी टेकवतात. मग निळ्या उजेडात यंत्राचं पारदर्शक टोक बुबुळावर अलगद येऊन बसतं. तपासणाऱ्याला दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. बाजूची चकती फिरवून त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडवायच्या. चकतीवर 2 आलं, तर दाब 20.

साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब. पण नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ असेल, तर यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. नागपूरजवळच्या खेड्यांत 2006 ते 2008 या काळात तिशीपुढच्या 4,711 जणांचे डोळे तपासले गेले. त्यात या पडद्याची सरासरी जाडी 514 मायक्रॉन निघाली. युरोपीय लोकांत ती 540 च्या आसपास असते. विदर्भातल्या माणसाचा 19 हा आकडा म्हणूनच जरा सावधपणे वाचावा लागतो.

ही जाडी बरीचशी वारशानं येते, आणि दाबही. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि कडेच्या बारीक जाळीतून निचरून जातं. जाळी तुंबली की दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू सुकते. त्या जाळीशी संबंधित मायोसिलिन हे जनुक 1997 मध्ये सापडलं. पण एकाच जनुकातल्या बिघाडानं होणारा काचबिंदू थोड्यांनाच असतो. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या लाखाहून जास्त लोकांच्या माहितीतून दाबाशी जोडलेल्या जनुकीय जागा शंभरावर निघाल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा.

त्यामुळे दर्यापूर-मूर्तिजापूरहून आलेल्या माणसाला जनुकांच्या रक्ततपासणीच्या आधी एक प्रश्न विचारणं जास्त कामाचं: घरात कोणाले काचबिंदू हाय का? उत्तर बहुधा 'नाई' असतं. बापाले डोयानं दिसत नव्हतं, पण तो मोतीबिंदू होता, असं सांगतात. खेड्यात दोन्ही दुखणी एकाच नावाखाली जातात. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेनंतर दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. म्हणून आजाराचं नाव न विचारता खूण विचारावी. ऑपरेशन होऊनही दृष्टी न आलेलं कोणी होतं का? वर्षानुवर्षं थेंब टाकणारं कोणी आहे का? मग आत्या आठवते, थोरला भाऊ आठवतो.

हा प्रश्न फार मोलाचा आहे. रॉटरडॅमच्या पाहणीत रुग्णांच्या भावंडांना आणि मुलांना ऐंशीपर्यंत काचबिंदू होण्याचा धोका 22 टक्के निघाला. इतरांत तो 2.3 टक्के होता. अशा घरातल्यांनी आणखी एक जपावं. डोळ्याला खाज सुटली म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने टाकले, तर त्यांचा दाब चढण्याचा संभव इतरांहून जास्त.

तान्ह्या बाळांतही हा आजार असतो. त्यांचे डोळे टपोरे दिसतात आणि घरचे कौतुक करतात. पण पाणी गळत असेल, उजेड सोसत नसेल, काळं बुबुळ धुरकट दिसत असेल, तर बाळाला त्याच आठवड्यात दाखवावं. ग्रीकमधून आलेलं अशा टपोऱ्या डोळ्याचं वैद्यकीय नावच 'बैलाचा डोळा' असं आहे. यातल्या बऱ्याच बाळांत आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक आलेलं असतं. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक झाली असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावं.

काचबिंदूचं निदान झालं असेल, तर पुढच्या तारखेला सख्ख्या भावाबहिणीला सोबत आणा. चाळिशी उलटली असेल तर नक्कीच. तपासणीत टाकलेल्या, बाहुली मोठी करणाऱ्या थेंबानं काही तास अंधुक दिसतं. त्या दिवशी मोटरसायकल घरी ठेवून एसटीनं या.